सहावी विहीर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेपाचच्या भरतीला, बाहेरचा समुद्र रस्ता ओलांडून गावात शिरला आणि आतल्या समुद्राला, बेटाने वेढलेल्या उथळ पाण्याला, जाऊन मिळाला. दोन तास गाव पाण्यात होते. माणूस एकही गेला नाही. सात डुकरे, एक होडी आणि शाळेची चार बाके गेली. बाबाईचे, म्हणजे आमच्या अळवाच्या कंदाचे, खड्डे खाऱ्या पाण्याने काठोकाठ भरले, डुकरांची आवारे धुऊन निघाली. ती घाण कुठे गेली हे कळायला दोन-चार विहिरींत वाकून पाहिले की पुरे होते.

बाबांच्या तरुणपणी असे उधाण एकदा आले होते. या चार वर्षांतले हे तिसरे.

मी गावच्या दवाखान्यात परिचारिका आहे. डॉक्टर या बेटावर नाही. जहाज महिन्यातून एकदा येते, तेही आले तर. अकरा महिने धड पाऊस झाला नव्हता आणि दवाखान्याच्या टाकीत हातभर पाणी उरले होते. ते बाळंतपणांसाठी आणि आजाऱ्यांसाठी राखून ठेवायचे, असा नियम होता. टाकीच्या कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात असे. बाकी सगळे गाव विहिरींवर.

पाणी तपासायच्या चोवीस बाटल्या माझ्याकडे होत्या. बोटभर उंचीची काचेची बाटली, आत औषध लावलेला कागद. पाणी भरायचे, दोन दिवस उबेत ठेवायचे. काळे पडले तर ते पिऊ नये. गावात विहिरी बावीस. बुधवारी मी बावीस बाटल्या भरल्या आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीने लावल्या. शुक्रवारी सकाळी सहा काळ्या झाल्या होत्या. सहावी आमच्या विहिरीची होती.

उरलेल्या दोन बाटल्या मी पुन्हा आमच्याच विहिरीवर नेल्या. रविवारी चर्चहून आल्यावर पाहिले. दोन्ही काळ्या.

आमच्या विहिरीबद्दल सांगायला हवे. मानेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या छपराखाली, प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली आहे आणि प्रत्येक जागेचे काम ठरलेले आहे. कोणी पहिला शब्द बोलायचा, कोणी मासे वाटायचे. पूर्वेकडच्या तिसऱ्या खांबापाशी आम्ही. पाहुण्यांना पहिले पाणी द्यायचे काम आमचे आणि ते पाणी आमच्याच विहिरीचे. पणजोबांच्या आधीपासून असेच आहे. दुष्काळातही ती विहीर गोड असायची. बाबा तिला विहीर म्हणत नसत, ‘घर’ म्हणत.

येत्या गुरुवारी पाहुणे यायचे होते. उत्तरेकडच्या गावाची गाणारी मंडळी, साठेक माणसे. शिवाय समुद्र किती आत आला ते मोजायला राजधानीतून तिघे जण.

सोमवारी दुपारी मानेआबात सभा भरली. आमच्या खांबापासून बोलायचे ते घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने. बायका मागच्या ओळीत. म्हणजे मी लिहिलेली यादी बाबा वाचणार. आमच्या विहिरीचे नाव बाबांना स्वतःच्या तोंडाने, सगळ्या गावासमोर, पाहुणे यायच्या तीन दिवस आधी वाचावे लागणार. मी कागदावर पाच नावे लिहिली आणि तो त्यांच्या हातात दिला.

बाबांनी चष्मा लावला. “पहिली. ब्वेताची.”

“तिची कधी गोड होती?” समोरच्या खांबापाशी कोणीतरी म्हणाले. “ते पाणी पिऊनच जीभ तशी झालीये तिची.”

ब्वेता दुसऱ्या बेटावरून लग्न होऊन आलेली. नवरा सहा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो आलाच नाही. मागच्या ओळीतून बोलू नये, हे तिला कोणी शिकवले नव्हते किंवा तिने मनावर घेतले नव्हते.

“जीभ माझी आहे, विहीर तुमच्या गावची,” ती म्हणाली. “माझ्या सासऱ्यानं खणलीये. त्याला जाऊन विचारा.”

लोक हसले. सभेत सगळ्यांत वयस्कर कामोरीकी आजोबा. त्यांनी माझ्याकडे हात केला.

“या रेरेआओला सगळ्यात किडे दिसतात. माझा गुडघा दुखत होता, तर म्हणे पाणी उकळून प्या.”

“मग उकळलंत का?” कोणीतरी विचारले.

“कशावर उकळू? नारळाची सोडणं सगळी भिजलीत. भांडं काय गुडघ्यावर ठेवू?”

पुन्हा हशा. बाबांनी दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी वाचली. प्रत्येक नावाला त्या त्या खांबापाशी माना खाली गेल्या. शेवटी बाबांनी कागद उलटून पाहिला आणि मागे न वळता मला विचारले, “एवढ्याच?”

“एवढ्याच,” मी म्हणाले.

बाबांनी कागदाची घडी केली. मग गावाला सांगितले की पाहुण्यांचे पाणी नेहमीप्रमाणे आमच्याकडून येईल.

घरी सांगायचे, असे मी ठरवले होते. घरी ते चार माणसांत नसतील, मग सोपे जाईल. संध्याकाळी बाबा नीरेची सुरी दगडावर घासत बसले होते आणि गुणगुणत होते.

“बाबा, आपल्या विहिरीला...”

“काय आपल्या विहिरीला?”

“झाकण हवं.”

“झाकण आजारी विहिरीला लागतं. तेबानोचं तोंड बघितलंस का आज? पाचवं नाव आलं तेव्हा? मला वाईट वाटलं हो त्याचं.” त्यांना खरेच वाईट वाटले होते. तेबानो त्यांचा लहानपणापासूनचा मित्र.

मी झाकणाबद्दल अजून दोन वाक्ये बोलले आणि उठले.

मंगळवारी दुपारी बाबा नीरा काढायला माडावर चढले. माडावर चढलेला माणूस गातो, हा आमच्याकडचा रिवाज. वर कोणी आहे हे खाली कळावे म्हणून. बाबांचे गाणे ऐकू येत होते तोवर मी दवाखान्यातली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवली आणि विहिरीत ओतली. मात्रा मोजून घेतली होती. गाणे थांबायच्या आत बादली धुऊन जागेवर ठेवली. पाणी एक दिवस तसेच राहिले की काम झाले, असा माझा हिशेब होता.

बुधवारी दुपारी दवाखान्यातून आले तर बाबा आणि माझे दोन आतेभाऊ विहिरीभोवती उभे, तिघेही चिंब.

“कोणाच्या तरी पोरानं साबण टाकला होता आत,” बाबा म्हणाले. “काय वास! पाहुण्यांना हे पाजणार होय? उपसली सगळी. तळाची वाळू दिसेपर्यंत. आणि एकदा नाही, तीनदा.”

“माझे हात बघ,” एक आतेभाऊ म्हणाला. “रेरेआओ, तुझ्याकडं हाताला लावायला काही आहे का? की पाणी उकळून पिऊ?”

माझ्या पावडरीचे पाणी बाबाईच्या खड्ड्याकडे वाहत चालले होते. विहीर पुन्हा भरत होती, खालून आणि बाजूने. एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे आमचे डुकरांचे आवार. मला हे दिसत होते. मला त्याचेच शिक्षण दिले होते.

बाबांनी पोहरा पुढे केला. “चाखून सांग.”

मी प्यायले. पाणी किंचित खारट लागले.

“गोड आहे,” मी म्हणाले.

गुरुवारी पाहुणे आले. राजधानीतल्या तिघांनी स्वतःच्या बाटल्यांमधले पाणी प्यायले. बाबांनी पुढे केलेली करवंटी त्यांनी हसून दोन हातांनी घेतली आणि खाली ठेवली. बाबांना ते लागले. “पोटात काय सोनं आहे का त्यांच्या?” ते मला हळूच म्हणाले. उत्तरेकडच्या मंडळींनी मात्र मान राखला. पाण्यात नीरेचा पाक घातला होता. उरियाम नावाचे त्यांचे म्हातारे गायक तीन करवंट्या प्यायले आणि दर वेळी गावाला ऐकू जाईल असे म्हणाले, “हे पाणी प्यायला तरी दर वर्षी यावं.” बाबा प्रत्येकापाशी जाऊन दुसऱ्यांदा विचारत होते. वडीलधाऱ्या माणसाने विचारल्यावर नाही कोण म्हणणार?

मी मागच्या ओळीत बसून पाहत होते. त्या दिवशी मी उठून काही बोलले असते, तर बाबांचा अपमान झाला असता. एवढेच झाले असते.

शनिवारी पहिला आजारी आला. बुधवारपर्यंत सत्तावीस झाले, त्यांतले एकोणीस उत्तरेकडच्या गावचे. झावळ्यांच्या चटया टाकून मी दवाखान्याच्या ओसरीवर लोकांना निजवले. जलसंजीवनीच्या पुड्या मंगळवारीच संपल्या, मग साखर-मीठ. उरियाम आजोबा मंगळवारी दुपारी गेले. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी ‘जुलाब, वय’ असे लिहिले. पाण्याच्या स्रोताचा रकाना सत्तावीस वेळा कोरा सोडला.

राजधानीतून रेडिओवर विचारणा झाली. “स्रोत कळला का?”

“तपास चालू आहे,” मी म्हणाले.

मला काही झाले नाही. घरात आई-बाबांनाही झाले नाही. कारण खरी घाण विहिरीत ओढली गेली ती उपशानंतर, आणि त्या गुरुवारपासून मी टाकीतले पाणी घरी आणत होते, रोज एक कळशी. बाबांना सांगितले की विहिरीतले मीठ तुमच्या रक्तदाबाला चालत नाही. त्यांनी ऐकले. माझे सगळे ते ऐकतात. आमच्या विहिरीवर दोरीने झावळ्या बांधून मी म्हणाले, उपसून उपसून खारी झालीये, थोडी विश्रांती द्या. तेही सगळ्यांना पटले. मानेआबात न बोललेली गोष्ट मी अशी गल्लीबोळातून पार पाडत होते, आणि त्यात मला हुशारी वाटत होती.

पण सत्तावीस माणसे आजारी पडली की कारण लागतेच. त्या दिवशीचा माशांचा रस्सा ब्वेताने केला होता. तिची विहीर यादीत पहिली. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. पाणवठ्यावर बायका तिला येताना पाहून कळशा उचलू लागल्या. पुढच्या सोमवारी गावातल्या तरुणांनी तिच्या विहिरीत समुद्रावरचे दगड टाकून ती काठापर्यंत बुजवली.

ब्वेता त्याच दुपारी दवाखान्यात आली. ओसरीवर निजलेल्या माणसांमधून कमरेत वाकून, रीतसर, माझ्यापर्यंत आली. माझ्या आठवणीत ती पहिल्यांदाच अशी वाकून चालली.

“अगं रेरेआओ, यादी तू केलीस ना? तुझं ऐकतील ते.”

“काय सांगू मावशी?”

“खरं आहे ते सांग. रस्सा मी तुमच्या घरच्या पाण्यावर केला. सकाळी दोन बादल्या तुझ्या बापाकडून मागून नेल्या, विचार त्याला. म्हणावं, आमच्या विहिरीचं होतं पाणी, चांगलं होतं. तुमच्या घरची विहीर म्हटल्यावर कोण काय बोलणार?”

“सांगते,” मी म्हणाले.

“आजच सांग हं. माझ्या पोरीला शाळेत चिडवतायत. आणि एक घोट पाणी दे बाई, सकाळपासून कोणी भरू दिलं नाही.”

मी तिला टाकीतले दिले. ती उभ्याने गटागटा प्यायली आणि म्हणाली, “छान आहे. पण तुमच्या विहिरीची सर नाही.”

मी त्या दिवशी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शुक्रवारी गावात कळले की वडीलधाऱ्यांनी पुढच्या शनिवारी सभा बोलावली आहे. उत्तरेकडच्या गावाची माणसेही येणार. दंड म्हणून ब्वेताने डुक्कर द्यायचे आणि पुढच्या जहाजाने तिला तिच्या बेटावर परत पाठवायचे, असे बोलणे चालले होते. जहाज बारा दिवसांवर होते.

सभेच्या आदल्या दिवशी उत्तरेकडून एक बाई चालत आली. तिच्या दोन वर्षांच्या मुलाला मी तीन दिवस चमच्याने पाणी पाजले होते. डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच राहायची. ते पोर आता तिच्या कमरेवर बसून माझ्याकडे बघत केळे खात होते. बाईने काखेतली गुंडाळी सोडली आणि चटई माझ्या पायांशी पसरली. बारीक विणीची, काळी किनार असलेली. अशा चटईला पाच-सहा महिने लागतात.

“आमच्याकडं द्यायला दुसरं काही नाही,” ती म्हणाली. “माझ्या नणंदेच्या लग्नासाठी विणत होते. ती म्हणाली, नर्सबाईला दे.”

“नको, अहो नको.”

“असं कसं नको?” तिचा चेहरा उतरला. दिलेली वस्तू परत करणे म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर मारणे. मी चटई घेतली. ती जाताना मुलाला म्हणाली, “हिचं तोंड लक्षात ठेव हं. हिच्यामुळं तू आहेस.”

त्या संध्याकाळी मी नवा कागद घेतला. सहा नावे लिहिली. आमच्या विहिरीचे नाव शेवटी, समोर दोन्ही तारखा.

आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी तो कागद बाबांना मानेआबात दिला. घरी दिला नाही. तोंडाने काही सांगितले नाही. पहिल्या वेळी त्यांची लाज वाचवायला मी खोटे लिहिले होते. आता खरे लिहिले तेही त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला निघाले होते. हे मला तेव्हा कळत होते की नाही, याचे प्रामाणिक उत्तर ‘होय’ असे आहे.

ब्वेता शेवटच्या खांबापाशी मुलीला घेऊन बसली होती. आजूबाजूला दोन हात जागा मोकळी. उत्तरेकडच्यांच्या ओळीत उरियाम आजोबांची मुलगी होती, सुतकात केस कापलेली.

बाबांची पाळी आली. “विहिरींचा नवा कागद आहे,” ते म्हणाले आणि चष्मा लावला. “पहिली ब्वेताची. दुसरी...” पाचही वाचून झाल्या. मग ते थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती. पाठ हलली नाही. सभेत कोणीतरी खोकले, एका बाईने पोराला गप्प केले.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. कागद खांद्यावरून मागे धरला.

“पुढचं मला वाचता येत नाही,” ते म्हणाले. “जिनं लिहिलंय ती वाचेल.”

आमच्या खांबापासून बाई कधी बोललेली नाही. मी कागद घेतला. अक्षर माझेच होते तरी ओळ सापडायला वेळ लागला.

“सहावी. आमची. शुक्रवारी बाटली काळी झाली. रविवारी आणखी दोन.”

कामोरीकी आजोबांनी हात कानामागे धरला. “कोणता रविवार?”

“उधाणानंतरचा.”

“आणि पाहुणे कधी आले?”

“त्यानंतरच्या गुरुवारी.”

“म्हणजे सोमवारी तुझ्या बापानं यादी वाचली तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“त्यानं तुला विचारलं होतं. ‘एवढ्याच?’ म्हणून. मी ऐकलं. माझा गुडघा गेलाय, कान नाही.”

कोणी हसले नाही. आजोबांनीही ते हसण्यासाठी म्हटले नव्हते.

मी पुढचेही सांगितले. पावडरीचे, टाकीतल्या पाण्याचे, रोजच्या कळशीचे. कळशीचे ऐकून बाबांची मान पहिल्यांदा हलली. उरियाम आजोबांच्या मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. ती बाबांकडे पाहत होती, आणि बाबा, ज्यांनी तिच्या वडिलांना हाताने तीन करवंट्या भरून दिल्या होत्या, ते जमिनीकडे.

निकाल थोडक्यात झाला. आमच्या घराने दोन्ही गावांना तीन डुकरे द्यायची. पाहुण्यांना पाणी देण्याचे काम आमच्याकडून काढले; दुसऱ्या कोणाला दिले नाही. यापुढे शहाळी. टाकीची किल्ली शाळेच्या मास्तरांकडे. ब्वेतावरचा ठपका गेला, असे कामोरीकी आजोबांनी सांगितले आणि तिला विचारले, “अजून काही बोलायचंय का तुला?”

सगळ्यांना वाटले ती आता सोडणार नाही. मलाही वाटले, आणि ती तुटून पडावी अशी माझी इच्छा होती.

“जहाज कधी आहे?” तिने विचारले.

“अगं, आता तुला जायची गरज नाही.”

“ते मला कळलं. जहाज कधी आहे ते विचारतेय.”

तिची विहीर तरुणांनी दोन दिवसांत मोकळी केली. ती तिकडे फिरकली नाही. मी तीनदा तिच्या घरी गेले. तिसऱ्या वेळी ती ट्रंकेत कपडे भरत होती.

“मावशी, थांब ना. तुझं नाव आता साफ झालंय.”

“नाव माझं साफच होतं गं. घाण तुझ्या बाटलीत होती.” तिने झाकण लावून पाहिले, ट्रंक बंद होईना. “बस हिच्यावर. तुझं वजन आहे, तेवढं तरी कामाला येऊ दे.”

मी बसले. तिने कडी घातली.

जहाज बुधवारी आले. ट्रंक होडीपर्यंत मी नेली, गावाच्या मधल्या वाटेने. तिने नेऊ दिली. पोरगी होडीत चढली, मग ती. नावाड्याशी भाड्यावरून भांडत होती.

याला आता चार महिने झाले. नोंदवहीतले सत्तावीस रकाने मी भरले आणि राजधानीला कळवले. त्यांनी लेखी ताकीद दिली आणि कामावर ठेवले. दुसरी परिचारिका पाठवायला त्यांच्याकडे नाही. लोक दवाखान्यात येतात, औषध घेतात. उरियाम आजोबांच्या मुलीच्या घरून कोणी येत नाही. एप्रिलमध्ये थोडा पाऊस झाला आणि शाळेची कोरडी पडलेली टाकी निम्मी भरली.

बाबा माझ्याशी बोलतात. मासे किती मिळाले, कोणाकडे लग्न आहे, सगळे बोलतात. त्या शनिवारबद्दल त्यांनी एकदाही विषय काढलेला नाही. फक्त जेवायला बसले आणि मी पेला समोर ठेवला की ते हात लावायच्या आधी विचारतात, “कुठलं आहे?”

“शाळेच्या टाकीतलं. उकळलेलं.”

ते पेला उजेडाकडे धरतात, थोडा वेळ पाहतात. मग आईला हाक मारून विचारतात, “हे कुठलं आहे गं?”